आजी चुका काढत नाही



मिठाईच्या दुकानात जाऊन कुणी विचारलं, "काका, पेढे आम्ही घरीच करायचे म्हणतोय, जरा कृती सांगता का?" तर त्या हलवायाचा चेहरा कसा होईल? मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझा चेहरा अगदी तसा झाला होता!

मी रहिमतपूरला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. सुट्टीत एक दिवस एक जोडपं आमच्याकडं आलं. जवळच्याच वाडीवर त्यांची शेती आहे. काही वर्षं पुण्यात नोकरी करून दोघं पुन्हा गावाकडं आलेत. बरोबर त्यांचा सहा वर्षांचा मुलगा होता. चहा झाला, चिवडा-लाडू झाले. मग मुलाची आई जरा चाचरत म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण याला शाळेत न घालता घरीच शिकवावं असं आमच्या मनात आहे. पुण्यात आमच्या ओळखीच्या दोन घरी तसंच शिकवतात. तुम्ही काय म्हणाल?"

शाळेतल्या बाईंना हा प्रश्न! माझ्या जिभेवर लगेच एक लांबलचक उत्तर आलं. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आगं, आपल्या घरात काय झालं त्येच सांग की त्यास्नी!"

आणि माझी मान खाली गेली. कारण आमच्या घरातही एक शाळा भरली होती. तिथं बाई मीच होते आणि त्या बाईंनी एक मोठी चूक केली होती. त्या पाहुण्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगते.

२०२० सालचा मार्च महिना तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. कोरोनाची साथ आली आणि मार्चच्या मध्यावर शाळांना कुलपं लागली. सुरुवातीला मुलं खूश! परीक्षा नाही, अभ्यास नाही. आम्हांलाही वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पण पंधरा दिवसांचे पंधरा महिने झाले, तरी लहानांचे वर्ग बंदच. राज्यात पहिलीपासूनचे वर्ग पुन्हा उघडायला १ डिसेंबर २०२१ ही तारीख उजाडावी लागली. जानेवारीत साथ वाढली तेव्हा ते आणखी काही दिवस बंद राहिले, ते वेगळंच.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी तेव्हा घोषणा होती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका लागायची. ज्यांच्या घरी चांगला फोन होता, त्यांना आम्ही फोनवर अभ्यास पाठवायचो. पण कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात बसून सकाळीच रानात जायचा! मग आम्ही शिक्षकच तोंडाला मास्क बांधून वाड्या-वस्त्यांवर जायचो. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याशेजारी चार-पाच मुलं लांब लांब बसवून शिकवायचो. एखाद्याचं चुकलं तर "असू दे रे, परत करून बघ," असं हसत म्हणायचो.

आता आमच्या घराकडं वळू. तेव्हा आमचा थोरला चौथी संपवून पाचवीत गेला होता आणि धाकटी पहिली संपवून दुसरीत. पहिलीचा शेवट म्हणजे वाचनाच्या दृष्टीनं मोठा नाजूक काळ. नुकती कुठं काना-मात्रा-वेलांटी जमायला लागलेली असते. सायकल शिकताना मागं धरणारा हात नेमका सुटावा, तशातली गत. मला काळजी वाटली. मी मनात म्हटलं, 'आपण स्वतः डी.एड. झालेली बाई. आपलीच मुलगी मागं पडली तर लोक काय म्हणतील?'

आता कळतं, मला काळजी तिची होती तेवढीच लोकांचीही होती.

जूनमध्ये मी घरात शाळा सुरू केली. अगदी खरीखुरी! सोप्याच्या भिंतीला फळा टांगला. दाराशी जुनी पितळी थाळी अडकवली, तीच घंटा. दहा ते बारा मराठी आणि गणित, दुपारी परिसर अभ्यास, मग पाठांतर. रोज शुद्धलेखन आणि दर शनिवारी परीक्षा. शिवाय घरातल्या शाळेतही मला 'बाई' म्हणायचं, असा नियम!

पहिले चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी दहाला घंटा वाजली आणि धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. सहाव्या दिवशीही तेच. मी ओवा दिला, गरम पाणी दिलं. गंमत अशी, की "आजीबरोबर रानात जातेस का?" असं विचारलं की पोटदुखी पळून जायची. 'सोंग करते आहे,' असं मला वाटलं. मुलांनो, ते सोंग नव्हतं. भीतीनं खरंच पोटात दुखतं. डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या पेपरात हे मी स्वतः लिहिलं होतं आणि चांगले गुणही मिळवले होते! पण पेपरात लिहिणं वेगळं आणि आपल्या लेकीच्या बाबतीत ओळखणं वेगळं.

एका सकाळी ती वाचायला बसली. ओळीत 'पाऊलवाट' हा शब्द होता. ती 'पाउ... पाव...' करत अडली. मी म्हटलं, "परत." ती परत अडली. "काल आला होता ना हा शब्द? परत!" तिसऱ्यांदा तिनं पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडं बघत उगीचच काहीतरी शब्द ठोकून दिला. आणि माझ्या हातातली लाकडी पट्टी तिच्या हातावर बसली.

फार जोरात नाही. पण बसली.

ती रडली नाही. तिनं हात मागं घेतला आणि हळूच विचारलं, "बाई, माझी आई किती वाजता येणार?"

वाचकांनो, शाळेत इतकी मुलं माझ्या हाताखालून गेली, एकावरही मी कधी हात उगारला नव्हता. मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आहे ना, त्यानंच शाळेत मुलांना मारायला आणि त्यांना मानसिक त्रास द्यायला बंदी घातली आहे. आम्ही शिक्षक तो नियम पाळतो. पण घरातल्या शाळेत तपासणीला कोण येणार? तिथं साहेबही मीच आणि बाईही मीच.

त्या दिवशी घंटा बंद झाली. पण झालेलं नुकसान घंटेबरोबर थोडंच थांबतं? दोन महिने धाकटीनं माझ्यासमोर पुस्तक उघडलं नाही. मी फळा काढला, गोडीगुलाबीनं बोलले, गोष्टीची पुस्तकं आणली. ती ऐकायची, हसायची, पण वाच म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. रात्री मला झोप लागेना. तिला येत होतं तेवढंही माझ्यामुळं गेलं, असं वाटायचं.

आत्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या लहानपणी भावांना शाळेत घातलं आणि यांना धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलं. मी एकदा त्यांच्यापाशी डोळ्यांत पाणी आणून सगळं बोलले. त्या म्हणाल्या, "तुला आठवतंय का, आलं लावलं तवा पोरीनं काय केलं होतं?"

आठवत होतं. आमच्या भागात आल्याचं पीक बरंच घेतात. एप्रिल-मेमध्ये गादीवाफ्यावर आल्याचे कंद लावतात. कोंब वर यायला काही दिवस लागतात. धाकटीला कुठला धीर? ती रोज जाऊन एक कंद उकरायची, कोंब आला का बघायची आणि पुन्हा पुरायची. बाकीचे वाफे हिरवे झाले, तिचे तेवढे कंद सुकून गेले. आत्या म्हणाल्या, "रोज उकरून बघितल्यावर उगवंल व्हय? तू बी त्येच केलंस बघ."

यावर मी काय बोलणार?

पुढची गोष्ट मात्र माझ्या नकळत घडली. श्रावणात एक दिवस मी वस्तीवर शिकवून घरी आले, तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले. त्यावर धाकटीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात नावं : 'साकर', 'मिठ', 'हलद', 'चाहा', 'शेंगदने'. आत्या चुलीपुढं बसून म्हणत होत्या, "आता ह्यावर काय लिवलंय गं?" आणि ही बोट ठेवून वाचून दाखवत होती, "शें-ग-द-ने, आजी!" "व्हय? आणि ह्या डब्यावर?"

नऊ डबे आणि त्यांतल्या निम्म्यांवर चूक! माझी बोटं शिवशिवली. खिशातल्या लाल पेनाकडं हात गेलासुद्धा. आत्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग मुलगी बाहेर गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "हात लावू नगंस. तिनं तिच्या हातानं लिवलंय."

रात्री मी धाकटीला जवळ घेऊन सहज विचारलं, "आजीला बरं वाचून दाखवतेस?" ती म्हणाली, "आजी चुका काढत नाही."

किती सरळ उत्तर! आजीला वाचताच येत नाही, म्हणून आजी चुका काढत नाही. आणि आजीला वाचता येत नाही, म्हणूनच आजीला हिची गरज आहे. माझ्यासमोर ती वाचायची तेव्हा ती परीक्षा असायची. मला ते सगळं आधीच माहीत असायचं. आजीसमोर वाचायची तेव्हा ती आजीला काहीतरी सांगत असायची. औषधाच्या पाकिटावरचं नाव, बसची पाटी, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं! आजी रोज काहीतरी घेऊन यायची, "हे काय हाय गं?" आणि ही अडत, थांबत, पुन्हा मागं जात वाचून काढायची.

तिच्या चुका तशाच राहिल्या का? हे पालकांनी नीट ऐकावं. एक दिवस किराण्यातून हळदीचं पाकीट आलं. ते डब्यात ओतताना धाकटी थबकली. पाकिटावर छापलं होतं 'हळद' आणि डब्यावर होतं 'हलद'. ती एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. मग तिनं डब्यावरचा कागद खरवडून काढला आणि नवा लिहिला. त्यानंतर तिला संशयच आला. बाकीच्या डब्यांचं काय? ती माझ्याकडं आली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा, आपण होऊन!

"आई, साखर कशी लिहितात गं?"

मुलांनो, खरं सांगते, माझ्या तोंडात अख्खा धडा आला होता. क आणि ख मधला फरक, उच्चार, आणखी दहा शब्द! पण मी तो गिळला. एवढंच म्हटलं, "खडूचा ख."

ती पळत गेली. मग पुन्हा आली, "आणि मीठ?" मग 'चहा', मग 'शेंगदाणे'. त्या दिवशी नऊच्या नऊ डबे दुरुस्त झाले. लाल पेन खिशातच राहिलं.

रात्री मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला मारलं, ते माझं चुकलं." ती काही बोलली नाही. उठून ती लाकडी पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "ही माळ्यावर ठेव." मी शिडी लावून ठेवली. अजून ती तिथंच आहे.

ही झाली आमच्या घरातल्या शाळेची गोष्ट. आता त्या पाहुण्यांच्या प्रश्नाकडं येऊ. घरी शिकवावं की शाळेत घालावं?

घरी शिकणं ही काही आजची टूम नाही. आपल्याच भागातली दोन नावं सांगते. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं. दुसऱ्या रमाबाई रानडे. त्यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे इथं झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना टोमणे मारून हैराण केलं. तरी त्या शिकल्या.

पण पुढं काय झालं, ते पाहा. सावित्रीबाई जोतीरावांबरोबर १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. दोघी घरात शिकल्या, कारण त्यांच्यासाठी शाळेचं दार उघडं नव्हतं. आणि शिकून झाल्यावर दोघींनी काय केलं? दुसऱ्यांसाठी दार उघडलं! म्हणून घर आणि शाळा यांचं भांडण लावू नये, असं मला वाटतं.

मी त्या जोडप्याला जे सांगितलं, ते थोडक्यात असं.

पहिलं म्हणजे, घरी शाळा भरवू नका, घरी शिकवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात तीस मुलं असतात म्हणून घंटा लागते, तास लागतात. घरी एकच मूल आहे. सहा वर्षांच्या मुलाला सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं मन लावून बसवलंत तरी पुष्कळ झालं. बाकीचा दिवस त्याला तुमच्या कामात घ्या.

आमच्या थोरल्याचं उदाहरण सांगते. त्याच्या वडिलांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. शेतीच्या कामासाठी त्या काळातही ते उघडं असायचं. थोरला गल्ल्यापाशी बसून हिशेब करायचा. औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही, एवढा एकच कडक नियम! एकदा त्यानं विचारलं, "पप्पा, डीएपीचं पोतं ५० किलोचं, मग युरियाचंच ४५ किलोचं का?" वडिलांनी सांगितलं, की आधी तेही ५० किलोचंच होतं, पण शेतकरी एकराला पोती मोजून युरिया टाकतात, म्हणून वापर कमी व्हावा यासाठी सरकारनं २०१८ पासून पोतंच लहान केलं. मग सात पोती युरिया म्हणजे किती किलो? मुलांनो, तुम्हीही तोंडी करून बघा. ७ गुणिले ५० म्हणजे ३५०, त्यातून साता पाचे पस्तीस गेले, उरले ३१५. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नाही. गिऱ्हाईक समोर उभं असलं की डोकं आपोआप चालतं!

दुसरं, चुका एकदम पकडू नका. एका दिवसाला एक चूक पुरे. आणि मूल विचारायला आलं तर विचारलं तेवढंच सांगा. तहान लागलेल्याला तांब्याभर पाणी द्यावं, विहिरीत ढकलू नये!

तिसरं, 'आम्ही शिकलेले नाही, आम्ही काय शिकवणार?' असं कुणी म्हणू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं. मूल वाचत असताना हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐकायचं आणि "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारायचं. हे काम आमच्या आत्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं.

चौथं, घरी शिकवणाऱ्यानं कायदा माहीत करून घ्यावा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. घरी शिकवण्यासाठी त्या कायद्यात वेगळी वाट आखून दिलेली नाही. मात्र ज्या मुलांना तीव्र स्वरूपाचं अपंगत्व आहे, त्यांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं दिला आहे. परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथं वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला नाव नोंदवता येतं. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीची परीक्षा घेतं. आणि घरी शिकलेलं मूल उद्या शाळेत यायचं म्हणालं, तर पाचवीपर्यंत त्याला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. त्याला पुन्हा पहिलीत बसवत नाहीत. म्हणून मी त्यांना म्हटलं, "शाळेचं फाटक उघडंच आहे, हे लक्षात असू द्या."

आणि शेवटचं, जे घर कितीही चांगलं असलं तरी देऊ शकत नाही. लगोरी एकट्यानं खेळून दाखवा! शाळेत मूल बसतं ते आपण न निवडलेल्या मुलांबरोबर. शेजारच्या डब्यात काय आहे, त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, तो कुठला देव मानतो, हे सगळं ते पंक्तीत बसून खिचडी खाताना शिकतं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या काळात केवढी मोठी गोष्ट ही! हा धडा कुठल्याही पुस्तकात वाचून येत नाही. म्हणून मूल घरी शिकत असलं तरी त्याला रोज दुसऱ्या मुलांत मिसळायला मिळालं पाहिजे. भांडायला आणि पुन्हा गट्टी करायलासुद्धा!

१ डिसेंबरची ती सकाळ मला अजून आठवते. पावणेदोन वर्षांनी लहान मुलं फाटकातून आत येत होती. कुणाचा गणवेश आखूड झालेला, कुणाला आपला वर्ग सापडेना. आमची धाकटी तर पहिलीतून गेली होती ती एकदम तिसरीत येऊन बसली! काही मुलं अक्षरंही विसरली होती. त्यांच्या घरी ओरडायला कुणी नव्हतं, पण ऐकायलाही कुणी नव्हतं. सगळे दिवसभर मजुरीला गेलेले. त्या मुलांसाठी शाळा उघडली नसती तर? म्हणून सांगते, आपल्या मुलाला घरी शिकवायची ज्यांची ऐपत आहे, त्यांनीही शाळा चांगली राहावी याची काळजी घ्यावी. ती आपल्याच गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी एकमेव आधार असते.

पाहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचं अजून नक्की ठरलेलं नाही. "जूनपर्यंत विचार करतो," म्हणाले. मात्र आमचं बोलणं चाललेलं असताना त्यांचा मुलगा कुठं होता माहीत आहे? स्वयंपाकघरात. धाकटी आता उंच झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. तिनं त्याला डब्यांपुढं बसवलं होतं आणि विचारत होती, "यात काय आहे, वास घेऊन सांग बरं!" तो वास घ्यायचा, नाव सांगायचा आणि ती अक्षरावर बोट ठेवायची. चूक काढत नव्हती.

तुम्हांला वाटेल, या सगळ्यात आजीही वाचायला शिकली असेल. नाही, आत्या नाही शिकल्या. "आता माझं काय ऱ्हायलंय!" म्हणतात. पण हळदीच्या डब्यावरचा 'ळ' मात्र त्या बरोबर ओळखतात.

आता बाईंनी गृहपाठ दिला नाही, असं कधी झालंय का? तर मुलांनो, आज रात्री घरातलं एक माणूस शोधा. आजी, आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांना काहीतरी वाचून दाखवा. अडलात तर अडा, पुन्हा मागं जा. आणि आईबाबांनो, तुमचाही गृहपाठ आहे. मूल वाचत असताना दहा मिनिटं एकही चूक काढायची नाही. करून बघा. मुलांच्या गृहपाठापेक्षा तुमचा अवघड आहे!

याला गुण नाहीत बरं का. परीक्षाही नाही.

तुमच्या,
रहिमतपूरच्या बाई